अंधार किती ठेवायचा

पुणे, रविवार, रात्री उशिरा

प्रिय मित्रा,

तू पाठवलेलं रेंडर, म्हणजे तुझ्या नाटकाच्या प्रकाशयोजनेचं कॉम्प्युटरवरचं चित्र, पाहिलं. देखणं आहे, वादच नाही. प्रकाशाचे पाच झोत, म्हणजे बीम, मधोमध खुर्ची, मागे निळं सायक, तो मोठा पडदा. पण दिग्दर्शकाला एवढ्यात पाठवू नकोस. का, ते फोनवर सांगायला जीभ रेटली नसती, कारण त्यात माझी फजिती आहे.

मागच्या हिवाळ्यात एका नाटकाच्या प्रकाशाचं डिझाइन मी असंच घरी, खोलीतला दिवा बंद करून केलं. शेवटच्या प्रवेशाला एकच फ्रेनेल, तो मऊ कडांचा दिवा, १५ टक्क्यांवर. स्क्रीनवर नटीच्या डोळ्यांतलं पाणीसुद्धा दिसेलसं वाटत होतं. थिएटरात टेक्निकल तालमीला तो क्यू, म्हणजे दिव्यांचा तो बदल, घेतला आणि सातव्या रांगेतून दिग्दर्शकांचा आवाज आला, "ती आहे ना रे स्टेजवर?"

घोळ माझाच. सॉफ्टवेअरातलं ऑटो एक्स्पोजर चालू राहिलं होतं. मोबाइलचा कॅमेरा करतो तेच ते करतं, दृश्य काळोखलं की आपणहून उजळून दाखवतं. मग १५ टक्केही छान आणि ८०ही छान! स्टेजचं असं चित्र दाखवणारं सॉफ्टवेअर कॅप्चर असो, डेपेन्स असो की ग्रँडएमए३ या लाइट कन्सोलचं स्वतःचं थ्रीडी, एक्स्पोजरवर आधी आपला हात पाहिजे. तुझ्या अंगवळणी पडलेला एखादा दिवा घे, तो १००० वॉटचा पारच घे. पाच-सहा मीटरवरून फुल कर, समोर माणूस उभा कर आणि चेहरा उजळ दिसेल पण पांढराफटक होणार नाही, इथवर एक्स्पोजर आण. नंतर नाटक संपेपर्यंत त्याला शिवायचं नाही. अंधार वाटला तर दिवा वाढवायचा.

शिवाय दिवे टांगायचे तुझे बार खऱ्या उंचीवर आहेत का? अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. नाट्यगृहात टेप घेऊन जा.

आणि डोळ्यांचं काय? अंधाराला पुरते सरावायला त्यांना वीस-तीस मिनिटं लागतात. तू तासभर काळोखात बसून क्यू बनवतोस, प्रेक्षक मात्र झगझगीत प्रवेशातून तीन सेकंदांत तिथे येऊन पडतो. खोलीत दिवा लावून बघत जा.

अँबियंट, म्हणजे स्टेजभर पसरलेला मूळ उजेड, तू शून्यावर नेला आहेस. शून्य म्हणजे विहिरीतला अंधार. आपल्याकडे तो असतो कुठे? दारावरची पाटी जळत असते, विंगेत कुणाची तरी बॅटरी, पहिल्या रांगेत एका काकांचा मोबाइल. सेटच्या कडा जेमतेम कळतील इतका राहू दे.

आता तुझा लाडका धूर. हवेतल्या कणांवरून प्रकाश विखुरतो म्हणून बीम दिसतो. कण नसले तर तुझ्या पाच बीमांचे जमिनीवर पाच गोल उरतील, बस्स. सॉफ्टवेअरात घनतेची पट्टी सरकवली की सगळीकडे सारखं धुकं. खरा हेझ, म्हणजे यंत्राने सोडलेला विरळ धूर, असा शहाण्यासारखा वागत नाही. एसी सुरू झाला की तो एका बाजूला पळतो, मागचं दार उघडलं की प्रेक्षकांत जाऊन बसतो. जास्त झाला तर समोरून मारलेला प्रकाश त्याच्यावरच अडकतो आणि नटावर दुधाची साय आल्यासारखं दिसतं. मागून येणारे बीम मात्र खुलतात, कारण असे कण प्रकाश जास्त करून पुढेच फेकतात. म्हणून तुझे दोन बीम मागच्या बारवर ने, घनता निम्मी कर.

त्याहून आधी, हेझर लावू देतात का ते विचार. काही ठिकाणी धुराने आगीची घंटा वाजते, आणि स्पर्धेत सेट लावायला मिळतात मोजकी मिनिटं, तेवढ्यात हवा भरत नाही. घनता शून्य करून सगळे क्यू एकदा चालवून बघ. जे धुराशिवाय कोसळतील त्यांच्यापुढे फुली मार. माझ्या त्या नाटकात अशा अकरा फुल्या निघाल्या होत्या.

हॅलोजन पूर्ण पेटला की साधारण ३२०० केल्विनचा, म्हणजे उबदार पांढरा, आणि मंद करत नेला की तांबूस होत जातो; एलईडी आपणहून होत नाही. तुझ्या फाइलीत सगळे एलईडी आहेत आणि तुझ्या नाट्यगृहात टांगलेत हॅलोजन. ते बदल, मग शेवटचा फेडआउट पुन्हा बघ. तो तुला वेगळाच वाटेल.

एवढं करून तोच फोटो परत पाठव. कुरूप दिसला तरी पाठव.

तुझाच,
बूथमधला

ता. क. सायकचा निळा मात्र झकास. कुठला जिलेटीन, म्हणजे रंगीत फिल्टर, धरलास ते कळव.