शरीर म्हणजे रिकामी पेटी नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मृत्यूबद्दल वेगवेगळे धर्म काय म्हणतात असा एक लेख होता, त्यात ख्रिस्ती लोकांच्या वाट्याला चार ओळी आल्या. ख्रिस्ती लोक शरीराला आत्म्याचा पिंजरा मानतात, मेल्यावर आत्मा सुटून कायमचा स्वर्गात जातो, शरीराचं काम तिथे संपतं, असं काहीसं. लेखकाचा हेतू चांगला होता हे कळतं आणि चार ओळीत कोणी किती सांगणार, पण मी ते वाचून पेपर बाजूला ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले, कारण जवळपास हेच वाक्य मी अडीच वर्षांपूर्वी आईच्या दफनाच्या वेळी ऐकलं होतं. तेही आमच्याच माणसाकडून. "ही आता रिकामी पेटी आहे, खरी ती कधीच निघून गेली," असं सगळ्यांसमोर म्हटलं गेलं, आणि लोकांनी माना डोलावल्या. त्यामुळे एकट्या लेखकाला दोष देऊन चालणार नाही. आम्ही ख्रिस्ती लोकच हे इतक्यांदा बोलतो की बाहेरच्यांना तेच आमचं मत वाटणार. पण ते आमचं मत नाहीये, निदान बायबलचं तरी नाही, म्हणून लिहितेय. पत्र लांबलंय, त्याबद्दल माफ करा.

बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीचा माणूस घडवतो, त्याच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकतो आणि माणूस जिवंत जीव होतो. नीट बघा, माणसाच्या आत एक जीव ठेवला असं तिथे म्हटलेलं नाही, डब्यात वस्तू ठेवतात तसं. माती आणि श्वास एकत्र आले आणि जे उभं राहिलं ते अख्खंच्या अख्खं जीव. हिब्रूत तिथे नेफेश हा शब्द आहे, जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागात, तो सातशेहून जास्त वेळा येतो, आणि त्याच्या आदल्याच अध्यायात तो मासे आणि जनावरांसाठी पण वापरलाय. त्याचा अर्थ कुठे गळा, कुठे भूक, कुठे प्राण, कुठे नुसतं 'मी', आणि गणना या पुस्तकात तर तो चक्क मेलेल्या माणसासाठी आलाय. आता अमर अदृश्य वस्तू असा अर्थ धरून ती जागा वाचून बघा, काही लागतच नाही.

खरं तर मराठी माणसाला हे समजायला काहीच कष्ट नकोत. आपण म्हणतो जीव कंठाशी आला, जीव खालीवर होतोय, पोरीत जीव अडकलाय, एवढासा जीव, जिवाला बरं नाही. यात कुठेही जीव म्हणजे शरीराच्या आत लपलेलं दुसरं कोणीतरी नाही, जीव म्हणजे माणूसच, घाबरलेला, भुकेला, दमलेला, प्रेम करणारा. एकोणसत्तराव्या स्तोत्रात बुडणारा माणूस ओरडतो की पाणी माझ्या नेफेशपर्यंत आलंय, म्हणजे सरळ सरळ गळ्यापर्यंत. आपल्या भाषेत जीव कंठाशी येणं आधीपासून आहे म्हणून मला ते स्तोत्र वाचताना कधी टीप लागली नाही.

आत्मा या शब्दाचं मात्र जरा वेगळं आहे. हिब्रूत रुआख, ग्रीकमध्ये न्यूमा, दोन्हीचा अर्थ वारा, श्वास, आत्मा. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात सदतिसाव्या अध्यायात सुकलेल्या हाडांचं खोरं आहे, त्यात हाडं जुळतात, मांस चढतं, कातडी येते, तरी ती माणसं पडलेलीच असतात, आणि मग रुआख येतो तेव्हा ती उभी राहतात. म्हणजे आत्मा ही माणसाची स्वतःची मालमत्ता नाही, ती देवाकडून मिळालेली, दर क्षणाला मिळत असलेली गोष्ट आहे. उपदेशक नावाचं पुस्तक पण तेच म्हणतं की माती मातीला मिळते आणि आत्मा ज्याने दिला त्या देवाकडे परत जातो. मराठीत आत्मा म्हटलं की आपल्याला लगेच जुनी वस्त्रं टाकून नवी घेणारा आत्मा आठवतो, तो विचार मोठा आहे आणि ज्यांचा आहे त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, पण पौल, म्हणजे ज्याची पत्रं बायबलच्या नव्या करारात आहेत तो प्रेषित, करिंथकरांना दुसऱ्या पत्रात कपड्याचाच दाखला घेऊन नेमकं उलटं सांगतो. तो म्हणतो, आम्हाला उघडं व्हायचं नाहीये, आम्हाला वरून आणखी पांघरायचंय. शरीर काढून टाकायची घाई त्याला नाहीच.

आता तीन भागांचं. पहिल्या थेस्सलनीकाकरांच्या पत्रात पाचव्या अध्यायाच्या २३व्या वचनात 'आत्मा, जीव व शरीर' असे तिन्ही शब्द एका ओळीत येतात, आणि इब्रीच्या पत्रात देवाचं वचन दुधारी तलवारीसारखं जीव आणि आत्मा भेदत जातं असं आहे. यावरून बरेच विश्वासणारे म्हणतात की माणूस तीन भागांचा. तुम्ही तो तीन वर्तुळांचा डायग्राम पाहिला असेल, बाहेर शरीर, मधे जीव म्हणजे मन, भावना, इच्छा, आणि अगदी आत आत्मा, जिथे देवाशी संबंध येतो. कोणी निवासमंडपाचा, म्हणजे जुन्या करारातल्या उपासनेच्या तंबूचा दाखला देतात, अंगण, पवित्रस्थान, परमपवित्रस्थान. हे शिकवणारे प्रामाणिक असतात, दुसऱ्या शतकातल्या इरेनियस या बिशपच्या लिखाणातही तिन्ही शब्द येतात, विसाव्या शतकात चीनमधले ख्रिस्ती शिक्षक वॉचमन नी यांच्यामुळे ही मांडणी जगभर पसरली, आणि माझ्या आईचीसुद्धा तीच समजूत होती. मी त्या मांडणीला पाखंड वगैरे म्हणत नाहीये. पण मार्काच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की पूर्ण अंतःकरणाने, पूर्ण जिवाने, पूर्ण बुद्धीने आणि पूर्ण शक्तीने देवावर प्रीती कर, मग काय माणूस चार भागांचा झाला का? आणि येशूच्या आईच्या, मरियेच्या गीतात जीव प्रभूची थोरवी गातो आणि आत्मा देवाठायी उल्लासतो, ही काय दोन वेगळी माणसं गातायत? ती एकच मुलगी आहे, आनंदाने दोनदा बोलतेय, स्तोत्रांची पद्धतच ती आहे. मला वाटतं पौल पण थेस्सलनीकाच्या लोकांना माणसाचे पार्ट मोजून देत नव्हता, तुम्ही अख्खेच्या अख्खे राखले जावोत असं म्हणत होता, 'संपूर्णपणे' हा शब्द त्याच वचनात आहे आणि तो आपण वाचून सोडून देतो. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथातही हे वचन घेऊन स्पष्ट म्हटलंय की आत्मा वेगळा सांगितला म्हणून जीव दोन होत नाहीत.

आणि हा नुसता पुस्तकी वाद नाही. माणसाचे तुकडे केले की त्यातला एखादा तुकडा फेकता येतो. चौथ्या शतकात अपॉलिनारिस नावाचा बिशप होता, तो म्हणायचा की येशूला माणसाचं शरीर होतं, जीवही होता, पण माणसाची बुद्धी किंवा आत्मा जिथे असतो तिथे त्याच्या बाबतीत देवाचा शब्द, म्हणजे स्वतः देवच होता. म्हणजे सगळ्यात आतलं वर्तुळ माणसाचं नाहीच. ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने ते नाकारलं, आणि त्याच काळातल्या नाझियान्झसच्या ग्रेगरी या बिशपचं म्हणणं होतं की जे येशूने धारण केलं नाही ते बरं झालेलं नाही. तो पूर्ण माणूस झाला नसेल तर आपलं मन कोण बरं करणार?

आमच्या घरी फेकला गेला तो दुसरा तुकडा. आईला शेवटची तीन वर्षं विसरण्याचा आजार होता, शेवटच्या वर्षी ती मला ओळखत नव्हती, मला कधी तिची बहीण समजायची तर कधी कोणीच नाही. त्या काळात चर्चमधून एकजण प्रार्थनेला यायचे, त्यांनी एकदा मला बाजूला घेऊन तोच डायग्राम समजावला. मन गेलं म्हणजे जिवाचा भाग गेला, आत्मा देवाजवळ सुरक्षित आहे, उरलंय ते नुसतं शरीर, त्याच्यासाठी एवढा जीव काढू नकोस. धीर द्यायलाच म्हणाले होते. मी काही बोलले नाही. त्यानंतर मी आईला अंघोळ घालायला गेले आणि तिचा हात हातात घेतल्यावर मला रडू आवरेना, कारण ज्याला ते नुसतं शरीर म्हणत होते त्यानेच मला नऊ महिने वाहिलं होतं. आणि संध्याकाळी मी 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' सुरू केलं की तिचे ओठ हलायचे. नाव माहीत नाही, वार माहीत नाही, पण 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' इथपर्यंत ती बरोबर यायची, कधी त्याच्याही पुढे. सांगा ते कोण म्हणत होतं, शरीर, जीव का आत्मा? आई म्हणत होती.

बरं, शरीर वाईट असतं असं पौल म्हणतो ना, असं पण मला सांगितलं गेलंय. तो देहाविरुद्ध बोलतो हे खरं, पण ग्रीकमध्ये त्याचे दोन शब्द आहेत, सोमा म्हणजे शरीर आणि सार्क्स म्हणजे देह किंवा देहस्वभाव. गलतीकरांना लिहिताना देहाच्या कर्मांची यादी देतो त्यात जारकर्म आहे तसंच वैर, मत्सर, राग, तट, मूर्तिपूजा पण आहे, यातल्या कितीतरी गोष्टी करायला हातपाय सुद्धा हलवावे लागत नाहीत. देवाला सोडून जगणारा अख्खा माणूस म्हणजे देह. आणि शरीराला तर तोच माणूस पवित्र आत्म्याचं मंदिर म्हणतो.

मग मेल्यावर काय होतं, हा प्रश्न उरतोच आणि तो मी टाळत नाही. येशू मत्तयाच्या शुभवर्तमानात म्हणतो की जे शरीर मारतात पण जिवाला मारू शकत नाहीत त्यांना भिऊ नका, म्हणजे मरणाने सगळं संपत नाही. पण त्याच वचनात पुढे आहे की देव जीव आणि शरीर दोन्हींचा नाश करू शकतो, म्हणजे जीव स्वतःच्या ताकदीवर अमर नाही, तो टिकतो तो देवाने धरून ठेवलाय म्हणून. येशूबरोबर वधस्तंभावर असलेल्या चोराला 'आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील' असा शब्द मिळाला, पौलाला इथून सुटून ख्रिस्ताजवळ असणं जास्त चांगलं वाटत होतं. दुसरीकडे तो मेलेल्यांना झोपी गेलेले म्हणतो, आणि सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाची मंडळी त्यावरून म्हणतात की पुनरुत्थानापर्यंत माणूस काही जाणत नाही. सोळाव्या शतकातल्या कॅल्विन या प्रोटेस्टंट सुधारकाने तरुणपणीच या झोपेच्या मताविरुद्ध लिहिलं होतं. मी स्वतः आई ख्रिस्ताजवळ आहे असंच मानते. पण मतभेद असला तरी दोन्ही बाजू एका गोष्टीवर एक आहेत, मरणानंतरची ती अवस्था मधलं थांबणं आहे, कायमचा मुक्काम नाही. प्रेषितांचा म्हणून जो विश्वासाचा अंगीकार आम्ही उपासनेत म्हणतो त्यात शरीराचं पुनरुत्थान आहे, आत्म्याची सुटका असा शब्दच तिथे नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्विनास हा धर्मपंडित पहिल्या करिंथकरांच्या पत्रावर लिहिताना म्हणाला की माझा जीव म्हणजे मी नव्हे, नुसते जीवच तारले जाणार असतील तर मी तारला गेलो नाही. हे वाक्य मला दफनाच्या दिवशी माहीत असतं तर बरं झालं असतं.

ज्यांचं शरीर जळालं, समुद्रात गेलं त्यांचं काय असं विचारतात, त्याला पौलाचं बीचं उदाहरण पुरे आहे, पेरतो ते आणि उगवतं ते दिसायला वेगळं पण परकं नाही. देवाला हाडं गोळा करून द्यावी लागत नाहीत. येशू उठला तेव्हा शिष्यांना भूत वाटलं तर त्याने मला हात लावून बघा म्हटलं, भाजलेला मासा खाल्ला, आणि थोमा या शिष्याला खिळ्यांच्या खुणा दाखवल्या. नवं शरीर होतं तरी खुणा तशाच होत्या. आईच्या उजव्या हातावर भाजल्याचा एक जुना डाग होता, लहानपणी मी झोपताना त्यावर बोट फिरवायचे. दफनाच्या आधी शेवटचं मी त्यावरच बोट फिरवलं. तेव्हा मागून आवाज आला की ही रिकामी पेटी आहे. आणि मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेपाशी येशूला माहीत होतं की पाच मिनिटांत हा जिवंत होऊन बाहेर येणार आहे, तरी तो रडला. पेटीसाठी कोणी रडत नाही.

तर संपादक साहेब, विनंती एवढीच आहे की पुढच्या रविवारी जमलं तर दोन ओळींची दुरुस्ती छापा, ख्रिस्ती लोक शरीराला पिंजरा मानत नाहीत, ते शरीराच्या पुनरुत्थानाची वाट बघतात. आणि हे पत्र छापलंत तर आमच्या चर्चमधली मंडळी पण वाचतील, ते मला दुरुस्तीपेक्षा जास्त हवंय.

आपली,
एक नियमित वाचक