स्टॅबिलायझर म्हणजे भेसळ नव्हे

मा. संपादक,

पाण्याच्या पाईपमधल्या शिशावरचा कालच्या अंकातला लेख वाचला. शिसं जायलाच हवं, त्याबद्दल दुमत नाही. ते पाण्यात उतरतं, लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं. युरोपातल्या उत्पादकांनी ते २०१५ अखेर बंद केलं, आपल्याकडे २०२१ मध्ये नियम आले. आणखी आधी यायला हवे होते. पण ‘नफ्यासाठी पीव्हीसीत रसायने मिसळतात’ हे वाक्य छापण्यापूर्वी तुमच्या प्रतिनिधीने एखाद्या कारखान्यात डोकवायला काय हरकत होती?

नुसतं पीव्हीसी तापवून पाईप होत नाही. १८० अंशांच्या आसपास माल यंत्राच्या फिरत्या स्क्रूमधून पुढे सरकत असतानाच त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटू लागतो आणि तोच वायू पुढच्या विघटनाला वेग देतो. माल आधी पिवळा, मग तपकिरी, शेवटी कोळसा. स्टॅबिलायझर, म्हणजे पूर्वी शिशाचा आणि आता कॅल्शियम-झिंकचा, हा वायू धरून ठेवतो. तो नसेल तर धड पाईप डायमधून, म्हणजे आकार देणाऱ्या साच्यातून, बाहेरच येणार नाही. याला भेसळ म्हणता?

‘शिशाऐवजी कॅल्शियम-झिंक घातले की झाले’ हे दुसरं वाक्य तर फारच झोंबलं. शिसं चुका पोटात घालायचं. कॅल्शियम-झिंकचं तसं नाही. त्यात तयार होणारं झिंक क्लोराइड साठलं की तेच विघटन भडकवतं आणि माल बघता बघता काळा पडतो. आम्ही बदल केला तेव्हा विक्रेता ‘जुन्याच सेटिंगवर चालवा’ म्हणून पोती उतरवून गेला. त्याच आठवड्यात रात्रपाळीला लाईट गेली. पूर्वीचा माल तेवढा खंड सोसायचा. या वेळी जनरेटर सुरू होईपर्यंत बॅरलमधला, म्हणजे स्क्रूभोवतीच्या तापलेल्या नळीतला, माल जळून गेला. डोळे चुरचुरणाऱ्या धुरात पोरांनी डाय उघडली, स्क्रू ओढून काढला आणि सकाळपर्यंत पितळी पट्टीने काळी पपडी खरवडली. खाली क्रोमच्या मुलाम्याला खड्डे पडलेले; हायड्रोजन क्लोराइडचं आम्ल धातूही खातं. विक्रेत्याने नंतर फोनसुद्धा उचलला नाही. नव्या स्टॅबिलायझरवर तापमान आणि स्क्रूचा वेग बसवून देणारा माणूस छोट्या कारखान्याला मिळत नाही, यावर तुमच्या लेखात एक ओळ नाही.

आणि तो फोटो! निळ्या पट्ट्यांची ती काळी गुंडाळी एचडीपीई या वेगळ्याच प्लास्टिकची आहे. त्यात क्लोरीनच नसतं, शिशाचा स्टॅबिलायझर लागण्याचा प्रश्नच येत नाही. पाण्याचा कडक पीव्हीसी पाईप गुंडाळता येत नाही, सरळ नळ्यांतच येतो. सकाळपासून शेतकऱ्यांचे फोन येत आहेत, शेतातली काळी नळी उपटून टाकू का म्हणून. लेख ज्या पानावर होता त्याच पानावर, फोटोसह, दुरुस्ती छापावी ही विनंती.

आपला,
एक पाईप उत्पादक, जळगाव