मनूला तूच फोन कर

प्रिय नंदे,

इतके दिवस उत्तर नाही म्हणून रागावली असशील, तो राग नंतर काढ. माझी पाठ बरी, आईचा गुडघा आहे तसाच.

फोनवर आपण भांडलो असतो, म्हणून लिहितेय. बाळंतपणानंतर मनू रडायची तेव्हा सगळे म्हणाले, होतं असं. होतंच, पण ते दोनेक आठवड्यांत ओसरतं. हिचं तीन महिने होत आले तरी ओसरत नाही. बाळ झोपलं तरी हिचा डोळा लागत नाही. काल दुपटं घडी करता करता म्हणाली, "ताई, याचं माझ्याशिवायच बरं होईल." तेव्हापासून मी तिला एकटं सोडलेलं नाही.

उशाशी तुझ्या होमिओपॅथीच्या सेपियाची बाटली. हस ना! ३० पोटेन्सीत रेणू तरी उरतो का, यावरून तू हॉस्टेलवर माझ्याशी अबोला धरला होतास, आणि मीठ हवं तरी चिठ्ठी पाठवायचीस. माझं मत आजही तेच आहे: १२ सीच्या, म्हणजे बारा वेळा शंभरपट पातळ केल्याच्या, पुढे मूळ द्रव्य उरत नाही, आणि बाळंतपणानंतरच्या या नैराश्यावर त्या गोळ्यांचा भरवसा धरता येत नाही.

पण तू पेशंटचं तासभर ऐकतेस, हे मी तेव्हाही मानत होते. मनूचं कुणी ऐकलं? टाके पाहिले, बाळाचं वजन केलं, झालं. हे नैराश्य ओळखायची एडिंबरा प्रश्नावली १९८७ पासून आहे, दहाच प्रश्न. दहावा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल. तो तिला शेवटी मी विचारला. "कधी कधी," म्हणाली.

मानसोपचारतज्ज्ञांची उद्या सकाळची वेळ मिळालीय. थायरॉइडही तपासून घेऊ. बाळंतपणानंतर तो बिघडला तरी असं होऊ शकतं. पण ती यायलाच तयार नाही. औषध दुधात उतरेल म्हणते. सर्ट्रालिन हे नैराश्याचं औषध दुधात अगदी थोडं उतरतं, अंगावर पाजणाऱ्या आयांना डॉक्टर ते देतात, हे मी सांगून थकले. माझं तिला पटत नाही, तुझं पटेल. सेपिया सोड म्हणू नकोस, नाहीतर हटून बसेल. "याला माझं औषध पुरणार नाही, उद्या ताईबरोबर जा," एवढं तू तुझ्या तोंडाने सांग. तुला हे जड जाईल, ठाऊक आहे. तरी मागतेय.

नव्या दवाखान्याचं मनापासून कौतुक. चिरंजीवांचा निकाल लागला का? सविस्तर नंतर.

आज संध्याकाळी मी बाळाला घेऊन बाहेरच्या खोलीत बसेन. तेव्हाच कर.

तुझी,
शमी