मोडेम कंपनीचा, ऊन आमचे : दळणवळण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय दळणवळण मंत्री,
संचार भवन, नवी दिल्ली

विषय : घरगुती फायबर इंटरनेटच्या मोडेमबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

अमळनेरला माझे टीव्ही, मिक्सर, इन्व्हर्टर दुरुस्तीचे दुकान आहे. तीस वर्षे झाली. दुकानाच्या वरच घर. तीन वर्षांपूर्वी घरात फायबर घेतले आणि आज भिंतीवर चौथा मोडेम लटकतो आहे. कंपनीचे नाव लिहीत नाही. आमच्या गल्लीत दोन कंपन्यांच्या तारा आल्यात आणि दुसरीचे गिऱ्हाईकही माझ्या काउंटरवर हेच रडगाणे गातात, तेव्हा एकीलाच झोडपण्यात अर्थ नाही.

मुलगी पुण्याच्या कंपनीत आहे, काम घरून करते. सकाळी साडेनऊला तिची मीटिंग असते. नेट गेले की ती वरून हाक मारते, मी हातातली इस्त्री तशीच टाकून जिना चढतो, आणि शेजारच्या आक्का गॅलरीतून विचारतात, “नेट उनं (आलं) का भो?” पूर्वी याच आक्का याच गॅलरीतून “लाईट उनी का?” विचारायच्या. १९४५ साली या गावात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली. आयटीवाल्यांचे मूळ गाव म्हणून आम्ही मिरवतो, आणि पोरीची हजेरी माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लागते.

नेट जाते म्हणजे नेमके काय होते, ते आधी सांगतो, कारण कॉल सेंटरला या सगळ्याला एकच उत्तर माहीत आहे : “सर, मोडेम बंद करून चालू करा.” लाल दिवा लुकलुकत असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाही. फायबर तुटली, कुठेतरी मुडपली, नाहीतर जोड सुटला. पॉनचा, म्हणजे कंपनीच्या यंत्राशी जोडणी दाखवणारा, हिरवा दिवा लुकलुकत राहिला तर प्रकाश पोचतोय, पण कंपनीच्या टोकाचे यंत्र आपल्या डब्याला ओळख देत नाही. आणि सगळे दिवे एकदम विझून परत पेटायला लागले, दर पाच-दहा मिनिटांनी, तर दुखणे डब्यात किंवा त्याच्या अॅडॉप्टरमध्ये. पहिल्या दुखण्याला शिडी लागते, दुसऱ्याला ऑफिसातला माणूस, तिसऱ्याला माझ्यासारखा कोणीही. डबा बंद-चालू केल्याने यातले एकही कायमचे जात नाही. तास-दोन तास जीव धरतो, तेवढ्यात फोन करणाऱ्याची तक्रार मिटलेली असते.

माझ्याकडचे पहिले दोन्ही मोडेम तिसऱ्या दुखण्याने गेले. दोन्ही मे महिन्यात.

दुसऱ्या वेळी मी अॅडॉप्टर दुकानात आणला. १२ व्होल्ट, १ अँपिअर असे त्यावर छापलेले. मीटर लावला तर १२.१ दाखवतो, अगदी ठणठणीत. मग टेबलावरचा बारा व्होल्टचा दिवा जोडला आणि काटा सरळ ९ वर आला. म्हणजे रिकामा असताना शहाणा, ओझे दिले की बसला. कव्हर फोडले. आत १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारा नळकांड्यासारखा भाग, त्याचे डोके पुरीसारखे फुगलेले, बुडाशी तपकिरी चिकट डाग, आणि तो आंबूस वास. हा वास मी डोळे मिटूनही ओळखतो. माझ्या खणातला दुसरा कपॅसिटर टाकला. पंधरा रुपयांचा माल, वीस मिनिटांचे काम. मोडेम लगेच चालू झाला.

आता यात गंमत अशी की हे काम मी करायचेच नव्हते. मोडेम आणि अॅडॉप्टर कंपनीच्या मालकीचे, उघडले तर अनामत बुडाली, असे जोडणी देतानाच बजावून सांगितले होते. डबा माझा नाही म्हणून मी हात लावायचा नाही. आणि ज्यांचा आहे त्यांच्याकडे दुरुस्ती नावाचा प्रकारच नाही, बदली आहे. तीही आली तर.

बदली कशी असते ते पाहा. तिसरा मोडेम लाईनमनने खोक्यातून काढला तेव्हा त्याच्या पाठीवर बॉलपेनने कोणाच्या तरी घरातल्या वायफायचे नाव आणि पासवर्ड लिहिलेला होता. म्हणजे तो कोणाच्या तरी घरून आजारी म्हणून निघाला होता. दुसऱ्याचा दुखणेकरी माझ्याकडे, माझा तिसऱ्याकडे, अशी वारी चालू आहे. तो डबा चार महिने टिकला. त्याचा आजार वेगळाच होता. घरात आठ-नऊ मोबाईल जोडले गेले की अडकायचा, मग काही उघडायचे नाही. दिवाळीला बहिणीची पोरे आली तेव्हा दिवसातून चारदा पिन काढावी लागली.

उन्हाचे म्हणाल तर आमच्या जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात ४४-४५ अंश ही बातमी नसते. मोडेमच्या माहितीपुस्तिकेत तो किती तापमानात चालेल तेही छापलेले असते : बहुतेकदा ० ते ४० अंश. गेल्या मेमध्ये मी आमच्या वरच्या खोलीत दुपारी तीनला तापमान मोजले. भिंतीजवळ ४३, डब्याच्या पाठीला ६४. बंद अॅडॉप्टरच्या आत किती असेल ते मोजले नाही, पण बोट टेकवत नव्हते. कपॅसिटरच्या आतला द्रव उष्णतेने सुकतो, आणि दर दहा अंश वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा आमच्या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. थंड हवेच्या गावी जो अॅडॉप्टर सहा वर्षे चालेल तो आमच्या पत्र्याखाली दोन उन्हाळ्यांत दमतो. कूलरसमोर मोडेम ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. एकाने तर देवघरात ठेवला, कारण ती एकच खोली धाब्याची आणि थंड. त्याच्या घरात जाडजूड मातीच्या भिंती, त्यामुळे नेट फक्त देवाला मिळते.

आपल्या विभागाच्या टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग सेंटरकडून दूरसंचार उपकरणांची सक्तीची चाचणी आणि प्रमाणपत्र ही पद्धत आहे, आणि फायबरची उपकरणे तिच्यात येतात. विजेचा धोका नको, दुसऱ्या यंत्रांना अडथळा नको, हे तिथे तपासतात. चांगलेच आहे. त्याच प्रमाणपत्राला एक अट जोडा : जो डबा ४० अंशांपुरताच बनला आहे तो जळगाव, धुळे, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत घरोघर लावता येणार नाही. ५० अंशांचा डबा थोडा महाग पडेल, पडू द्या. बरेचदा नुसता अॅडॉप्टर चांगला दिला तरी अर्धे भागते. दूरसंचार उपकरणे देशात बनावीत म्हणून २०२१ साली सरकारने १२,१९५ कोटींची प्रोत्साहन योजना आणली. एवढे पैसे देशी मालाला देतोच आहोत, तर देशातले ऊनही हिशेबात धरायला हवे.

तक्रारींकडे येतो. इथे ट्राय, म्हणजे दूरसंचार कंपन्यांसाठी नियम करणारे प्राधिकरण, ही स्वतंत्र संस्था आहे, तिच्या नियमांत आपण थेट हात घालत नाही, हे मला समजते. तरी आपल्या कानावर घालतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून सेवेच्या दर्जाचे नवे नियम लागू झाले. त्यात बिघाड तीन दिवसांपलीकडे लांबला तर ग्राहकाला भरपाई आहे. मी महिन्याला ६०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असे ७०८ रुपये भरतो, तेव्हा मला हा नियम आवडला. पण मला आजवर एक रुपया मिळालेला नाही, कारण माझा बिघाड कधीच तीन दिवस टिकत नाही. कागदावर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाईनमनचा फोन येतो, “भाऊ, ओटीपी आला असेल, सांगा ना.” मी म्हणतो, अरे, नेट कुठे आलंय? तो म्हणतो, “तक्रार बंद नाही केली तर माझे पैसे कापतात. उद्या सकाळी येतोच, नवीन तक्रार टाका.” पोरगा गरीब आहे, चार गावे एकट्याने सांभाळतो, मोटारसायकलला शिडी बांधून फिरतो. मी ओटीपी देतो. दुसऱ्या दिवशी नवी तक्रार, नवा क्रमांक, नवे तीन दिवस. गेल्या जूनमध्ये माझे नेट सलग अकरा दिवस बंद होते आणि नोंदीत पाच वेगवेगळे बिघाड आहेत, पाचही वेळेत दुरुस्त.

अपीलही करून पाहिले. ट्रायच्या २०१२ च्या नियमाप्रमाणे कंपनीच्याच अपील प्राधिकरणाने ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. निकाल आला : तक्रारीचे निवारण झालेले असल्याने अपील निकाली काढण्यात येत आहे. ओटीपी मीच दिला होता, बोलणार काय?

एकाच घरातून तीस दिवसांत तीच तक्रार दुसऱ्यांदा आली तर ती पहिलीच धरा, आणि मोजणी पहिल्या दिवसापासून करा. ओटीपीचा प्रश्न मग आपोआप सुटतो, त्या पोरालाही खोटे बोलावे लागणार नाही.

त्या पोराच्या खिशात एक मीटर असते. फायबरचे टोक त्यात खोचले की किती प्रकाश येतोय ते दिसते, डीबीएममध्ये, उणे आकड्यांत. उणे २० आले तर मजेत. उणे २७ च्या पलीकडे गेले की मोडेमला ते नीट वाचता येत नाही. दर तीन डीबी घटले की प्रकाश निम्मा होतो, आणि आठ घरांत वाटणारा एक स्प्लिटरच दहा-साडेदहा डीबी खातो. त्यात जोड ढिला असला, खांबावर फायबरचे वेटोळे घट्ट आवळले असले, की गेले. माझ्याकडे एकदा उणे २७.४ आले. मी विचारले, मग याचे काय करायचे? तो हसला. “भाऊ, मना हातमा काय शे? खांबावरचा जोड पुन्हा मारायला लागेल, मशीन जळगावला.” आणि मोडेम बदलून गेला! चौथा मोडेम हा असा आला आहे. दुखणे खांबावर होते, औषध भिंतीला लावले.

हा आकडा मोडेमच्या स्वतःच्या पानावर पूर्वी दिसायचा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा मोडेमचा पत्ता टाकून मी रोज सकाळी वहीत टिपून ठेवायचो, म्हणून तर मला कळले की दुपारी उन्हात तो दोन डीबीने उतरतो. एका रात्री कंपनीने दुरून मोडेममध्ये काहीतरी बदलले आणि सकाळी ते पान गायब. विजेच्या मीटरवरचे युनिट मला दिसते, गॅसच्या सिलिंडरचे वजन मी करून घेऊ शकतो. माझ्या घरात येणारा प्रकाश किती, हे गुपित कशासाठी, तेवढे तरी कोणी सांगावे.

आता खरे मागणे. मला माझा मोडेम विकत घेऊ द्या. चांगला, दणकट, उघडता येणारा. कंपनीला विचारले तर उत्तर आले, बाहेरचा चालत नाही. का चालत नाही तेही मला ठाऊक आहे. प्रत्येक मोडेमला एक अनुक्रमांक असतो, आधी बनवणाऱ्याची चार अक्षरे आणि पुढे आठ आकडे-अक्षरे, आणि कंपनीच्या टोकाच्या यंत्रात तो नोंदवला की ओळख पटते. म्हणजे नोंदवणे हे दोन मिनिटांचे काम आहे. जीपॉन, म्हणजे ही फायबर जोडणी ज्या पद्धतीने चालते ती, हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, कोणा एकाची मालकी नाही. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून ग्राहकाला स्वतःचा राउटर लावण्याचा हक्क कायद्याने आहे. आपल्याकडे ग्राहक मंत्रालयाने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल काढले, त्याचे मला कौतुक आहे, पण जी वस्तू माझी नाहीच तिच्या दुरुस्तीचा हक्क मी कुठून आणू? प्रमाणपत्र असलेला कोणताही मोडेम ग्राहकाने आणला तर कंपनीने तो नोंदवलाच पाहिजे, एवढा आदेश काढा. ज्यांना कंपनीचाच हवा त्यांनी तो खुशाल वापरावा.

घाई यासाठी की आता हेच डबे खेड्यांत जाणार आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने भारतनेटच्या सुधारित कार्यक्रमाला सुमारे १ लाख ३९ हजार कोटी मंजूर केले, त्यात ग्रामीण भागातल्या दीड कोटी घरांना फायबर द्यायचे आहे. अमळनेरला निदान लाईनमन दुसऱ्या दिवशी फोन तरी करतो. माझी सासुरवाडी पारोळा तालुक्यात, तिथे तो आठवड्याने येतो, आणि तोपर्यंत मेहुणा पीकविम्याचा अर्ज भरायला वीस किलोमीटर गाडी मारून तालुक्याला जाऊन येतो. त्या गावात रेडिओ, पंप, स्टार्टर दुरुस्त करणारे दोघे आहेत. मोडेम मात्र त्यांनी उघडायचा नाही.

जुने मोडेम लाईनमन घेऊन गेला, अॅडॉप्टर मात्र “राहू द्या भाऊ” म्हणून सोडून गेला. तीन आहेत, दुकानात काउंटरमागच्या फळीवर ठेवलेत. एकेकावर जोडल्याची आणि गेल्याची तारीख खडूने लिहिली आहे. आपल्या सेंटरच्या कोणाला तपासायचे असतील तर कळवावे, पोस्टाने पाठवतो. त्यातल्या एकात माझा पंधरा रुपयांचा कपॅसिटर आहे, तो चालू आहे.

आपला,
अमळनेरचा एक दुरुस्तीवाला