यंदाची वर्गणी औषधांच्या डब्यासाठी

सप्रेम नमस्कार.

गणपती अजून लांब आहेत आणि मंडळ आत्तापासूनच वर्गणी मागायला लागलं, असं काही जण म्हणतीलच. ही वर्गणी देखाव्याची नाही. आपल्या लालबाग-परळच्या चाळींत ज्यांची नोकरी गेली आहे, त्यांच्या घरातल्या बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या बंद पडू नयेत म्हणून मंडळ औषधनिधी उभा करतंय.

सुरुवात कशी झाली ते सांगतो. दर रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत आपण ज्येष्ठांचं बीपी मोजतो. एका रविवारी पेपर वाचायला म्हणून आलेले पन्नाशीचे एक गृहस्थ सगळे पांगेपर्यंत बसून राहिले आणि मग हात पुढे केला. आकडा आला १७८/१०४. गोळी चालू आहे का विचारलं, तर खिशातून स्ट्रिप काढून दाखवली. मागच्या चंदेरी बाजूवर बॉलपेनने बारीक अक्षरात वार लिहिलेले: सोम, बुध, शुक्र. डॉक्टरांनी रोज सांगितलेली गोळी ते एक दिवसाआड घेत होते. कंपनीचं गेट बंद होऊन सात महिने झालेले. "चक्करबिक्कर काही येत नाही हो, मग रोज कशाला?" असं म्हणाले आणि उठता उठता, "घरी आकडा सांगू नका."

बीपी दुखत नाही, हीच पंचाईत आहे. घरखर्चाला कात्री लावायची वेळ आली की दूध कमी केलेलं पोरांना कळतं, क्लासची फी थकली तर फोन येतो. गोळी बंद केली तर कोणालाच कळत नाही. दोन-चार वर्षांनी अर्धं अंग लुळं पडलं की केईएम हॉस्पिटलला धावपळ होते. तोवर नोकरी गेल्याची गोष्ट जुनी झालेली असते, आणि या दोन गोष्टींचा संबंध कोणी जोडत नाही.

आपण गिरणगावातल्यांनी तरी तो जोडायला हवा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातल्या अनेकांना गिरणी पुन्हा दिसलीच नाही. त्या काळात भांडी कशी विकली, कोण गावाला परत गेलं, कोणाच्या पोराची शाळा सुटली, हे आपण घराघरांत ऐकलं आहे. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांतली आजारपणं मात्र कोणी सांगत नाही. कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात उमेदीची वर्षं कापसाच्या धुळीत काढलेल्या माणसाची नोकरी गेली, पण फुप्फुसातली धूळ गेली नाही. आणि धाप वाढायच्या वयात हातात ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड उरलं नव्हतं. नोकरीबरोबर डॉक्टरही गेला.

हे आपल्याकडेच झालं असं नाही. साधारण त्याच काळात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात बऱ्याच वर्षांच्या नोकरीवरून काढले गेलेल्या कामगारांच्या नोंदी पुढे अभ्यासकांनी तपासल्या. नोकरी गेल्यानंतरच्या लगतच्या काळात मृत्यूचं प्रमाण ५० ते १०० टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. वीस वर्षांनीही ते १० ते १५ टक्के जास्तच होतं. मधल्या काळात यातल्या अनेकांना दुसरी कामं मिळाली होती, हे लक्षात घ्या.

आजची बेकारी आणखी एका बाबतीत वाईट आहे, असं आम्हाला वाटतं. संपात अख्खी चाळ एकदम घरी बसली, त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. वाण्याकडे सगळ्यांचीच उधारी होती. आता कंत्राटावरच्या माणसाला मोबाईलवर मेसेज येतो, उद्यापासून येऊ नका. शेजारच्या खोलीलाही पत्ता लागत नाही. बरीच वर्षं तिसरी पाळी केलेला माणूस रात्री गॅलरीत जागा असतो आणि दुपारी झोपतो. तंबाखू वाढते, जेवणाची वेळ उरत नाही. मंडळाच्या दारावरून जाताना तो मान फिरवतो, कारण आम्ही पावतीपुस्तक घेऊन उभे असतो! ही आमची चूक, ती इथे मान्य करतो. यंदा अशा घरांत वर्गणीला जायचं नाही असं ठरलं आहे. देखावाही साधा असेल, रोषणाईचे वाचलेले पैसे याच निधीत येतील.

दुसरी चूकही सांगून टाकतो. सुरुवातीला आम्ही ज्याची नोकरी गेली त्याचंच नाव वहीत लिहीत होतो. मग आपल्या महिला कार्यकर्त्या घरोघर जाऊन आल्या तेव्हा कळलं की नवऱ्याची गोळी निदान एक दिवसाआड तरी चालू असते, बायकोची त्याच्याही आधी पूर्ण बंद झालेली असते. पोळी-भाजीची कामं वाढवून घर तीच चालवते, आणि तिच्या थायरॉइडच्या गोळीचं नाव घरात कोणी काढत नाही. आता वही घराच्या नावाने आहे.

सरकारी योजना आहेतच की, असं विचारलं जातं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा मोठा आधार आहे, पण तो दवाखान्यात भरती झाल्यावरच्या उपचारांना. रोजची गोळी त्यात येत नाही. ईएसआयचं कार्ड नोकरी गेली त्याच दिवशी रद्द होत नाही. एप्रिल ते सप्टेंबरची विम्याची वर्गणी भरलेली असेल, तर साधारणपणे पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये तिचा लाभ असतो. अनेक जण ते कार्ड पेटीच्या तळाशी टाकून देतात. नोकरी गेलेल्या विमाधारकांना काही काळ भत्ता देणारी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ मध्ये सुरू झाली. पात्र कोण, कागद कुठले, हे बघायला माहीतगार माणूस हवा. पीएफ-ईएसआयची कामं केलेले कोणी निवृत्त सभासद महिन्यातले दोन रविवार देऊ शकले, तर आम्हाला ते पैशांहून मोलाचं आहे.

पैशांचं म्हणाल तर हिशोब छोटा आहे. जनऔषधी दुकानातून घेतल्या तर बीपी आणि साखरेच्या साध्या गोळ्या एका माणसाला महिन्याला दोनशे रुपयांच्या आत बसतात. म्हणजे वर्षाला २,४०० रुपये. जमेल त्यांनी एका माणसाचं वर्ष घ्यावं, नाहीतर तिघा-चौघांनी मिळून घ्यावं. दंडाला बांधायचं चांगलं बीपी मशीन आणि साखर तपासायच्या पट्ट्याही हव्या आहेत. एखादे डॉक्टर रविवारी सकाळी दोन तास बसले तर चिठ्ठी लिहून मिळेल. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आपण एकही गोळी देणार नाही. घरात उरलेली औषधं कृपा करून आणू नका, मुदत संपलेल्या बाटल्यांनी मागच्या वेळी अख्खं कपाट भरलं होतं. कुठे कामाला माणूस हवा असेल तर तेही कळवा. पगार थोडा कमी असला तरी चालेल, मालक पीएफ भरणारा असावा.

देणगी मंडळाच्या कार्यालयातच, संध्याकाळी ७ ते ९ या वेळेत, पावती घेऊन द्यावी. चेक मंडळाच्या नावाने. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या कुठल्याही कोडवर पैसे पाठवू नका, आम्ही असा कोड काढलेला नाही. महिन्याचा हिशोब फळ्यावर लागेल. त्यात आकडे असतील, नावं नसतील.

आणि ज्यांना गोळ्या हव्या आहेत त्यांच्यासाठी: कार्यालयाचं मागचं दार जिन्याच्या बाजूने उघडतं. रविवारी अकरानंतर पुढे कोणी नसतं, तेव्हा या. कॅरम चालू असेल, एक डाव खेळून मग हात पुढे केलात तरी चालेल.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते