गुहागरच्या प्लॉटचा माती परीक्षण अहवाल मान्य नसल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, माती परीक्षण विभाग,
नागपूर

महोदय,

गुहागर तालुक्यात समुद्राच्या अगदी जवळ माझ्या पत्नीच्या वाट्याला आलेली सहा गुंठे जागा आहे. तिथे दुमजली घर बांधायचे म्हणून आम्ही तुमच्याकडून एसपीटी, म्हणजे जमिनीत नळी ठोकून माती किती घट्ट आहे ते पाहण्याची चाचणी, करून घेतली. काही अडले तर समोर बसून बोलता येईल, म्हणून नागपुरातलीच कंपनी निवडली आणि पूर्ण पैसे आगाऊ भरले.

अहवालाच्या शिफारशीत लिहिले आहे की, जागेवरची माती फुगणारी काळी माती असल्याने अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगवटा असलेले खोल काँक्रीटचे खांब) घ्यावेत. काळी माती मी ओळखतो. मानेवाड्यात माझ्या अंगणातच ती आहे; मे महिन्यात तिला बोट जाईल अशा भेगा पडतात आणि पावसात ती फुगून कुंपणाची भिंत ढकलते. गुहागरच्या आमच्या जागेत वाळू आहे. तुमच्याच अहवालातल्या बोअरच्या (चाचणीसाठी घेतलेल्या खोल छिद्राच्या) तक्त्यात सहा मीटरपर्यंत 'बारीक वाळू' लिहिले आहे. म्हणजे शिफारशीचे पान नागपूरच्या दुसऱ्या कुणाच्या तरी अहवालातून उचलले आहे, असेच मला म्हणावे लागते.

त्याहून गंभीर गोष्ट पाण्याची. 'भूजल आढळले नाही' असे तुम्ही लिहिता. प्लॉटच्या कडेला शेजाऱ्यांची विहीर आहे. काम चालू होते त्या दिवशी माझ्या मेहुण्याने दोर सोडून मोजले, तर पाणी अडीच मीटरवर होते. शिवाय बोअरमधले पाणी तुमची माणसे बेलरने (दोराला बांधलेल्या लांब नळीने) उपसून टाकत होती, हे त्याने डोळ्यांनी पाहिले आहे. पाण्याखालच्या वाळूत बोअर असा रिकामा केला की बाहेरचे पाणी तळातून वर येते, वाळू सैल होते आणि नळी आत घालायला लागणाऱ्या हातोड्याच्या ठोक्यांचा पुढचा आकडा खोटा येतो. म्हणून बोअरमधली पातळी भूजलाच्या वर राखायची असते. आणि पाणी पायाच्या तळापर्यंत चढले, तर वाळूची धारणक्षमता (भार पेलण्याची ताकद) निम्म्यापर्यंत उतरू शकते. तुम्ही दिलेली धारणक्षमता कोरड्या वाळूची आहे. तो आकडा धरून घर उभे राहिले असते, तर पहिल्याच पावसाळ्यात काय झाले असते या विचाराने माझ्या पत्नीला झोप लागत नाही.

एसपीटीच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस २१३१) ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून पडायला हवा. सॅम्पलर, म्हणजे मातीचा नमुना घेणारी ती नळी, १५ सेंटीमीटरच्या तीन टप्प्यांत आत जातो. पहिल्या टप्प्याचे ठोके सोडून पुढच्या दोन टप्प्यांची बेरीज म्हणजे एन व्हॅल्यू. तुमच्या तक्त्यात टप्प्यांचे ठोके नाहीत, फक्त शेवटचा आकडा आहे. तोही दोन्ही बोअरमध्ये, प्रत्येक खोलीला, अगदी सारखा! वीस मीटर अंतरावरच्या दोन बोअरमध्ये निसर्ग इतका शिस्तीत वागत नाही. मेहुण्याने काढलेल्या व्हिडिओत हातोडा किती उचलायचा याची खूण रॉडवर कुठेही नाही; दोर ओढणाऱ्याला थकवा आला की उंची कमी होताना स्पष्ट दिसते.

ठरले होते दहा मीटरचे तीन बोअर. झाले सहा मीटरचे दोन. किनाऱ्याजवळची जागा असूनही माती आणि पाण्यातल्या क्लोराइड-सल्फेटची तपासणी नाही. क्लोराइड सळई खातो, सल्फेट सिमेंट बिघडवतो. काँक्रीटचा दर्जा आणि सळईवरचे कव्हर (काँक्रीटच्या थराची जाडी) त्यावरून ठरते. सैल, पाण्याने भरलेली वाळू भूकंपात द्रवासारखी वागू शकते. १९६७ चा कोयनेचा भूकंप कोकणातल्या जुन्या माणसांना अजून आठवतो, आणि अहवालात या धोक्यावर एक ओळसुद्धा नाही.

आमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने या अहवालावर पायाचे डिझाइन करायला नकार दिला आहे. पावसाळ्याआधी पाया काढण्याचा बेत हुकला.

तेव्हा तिन्ही बोअर दहा मीटरपर्यंत नव्याने, तुमच्या खर्चाने घ्यावेत. प्रत्येक टप्प्याचे ठोके, चोवीस तासांनंतरची पाण्याची पातळी, एन व्हॅल्यूला लावलेल्या दुरुस्त्या आणि रासायनिक तपासणी लेखी मिळावी. कामाच्या वेळी तुमचा इंजिनिअर जागेवर हजर हवा. हे जमणार नसेल तर पूर्ण रक्कम परत करा, म्हणजे आम्ही दुसरीकडे जाऊ.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मी राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते.

आपला,
(सही)
मानेवाडा, नागपूर

सोबत: अहवालाची प्रत, पैसे भरल्याची पावती, कामाच्या वेळचे व्हिडिओ असलेला पेन ड्राइव्ह