दुखण्याची गोळी परत का येते?

महोदय,

सक्करदऱ्यात माझे औषधांचे दुकान आहे. मधुमेहामुळे पायांची आग होते म्हणून डॉक्टर अ‍ॅमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलॉक्सेटिन लिहून देतात. पेशंट गोळ्या घेऊन जातो, घरी पोरगा मोबाइलवर नाव टाकून बघतो आणि संध्याकाळी स्ट्रिप परत काउंटरवर! ‘‘भाऊ, हे तं डिप्रेशनची गोळी हाये. मले का वेड लागलं?’’

वेड नाही हो, दुखणे खरेच आहे. तळपायाच्या नसेतून निघालेली खबर थेट मेंदूत जात नाही, आधी मज्जारज्जूत थांबते. तिथे नसेचे टोक ग्लुटामेट, सबस्टन्स पी अशी रसायने सोडते, तेव्हा कुठे पुढची पेशी जागी होते. या जागी खबर अडवणारे किंवा पुढे सोडणारे फाटक असते, ही कल्पना मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्येच मांडली. त्या फाटकावर मेंदूचाही हात चालतो. मेंदूच्या बुडातून खाली आलेले तंतू तिथे नॉरअ‍ॅड्रिनॅलिन आणि सेरोटोनिन सोडतात. नॉरअ‍ॅड्रिनॅलिनमुळे नसेच्या टोकातून ग्लुटामेट कमी सुटते आणि पुढची पेशीही लवकर चेतत नाही. सेरोटोनिन मात्र दुतोंडी: पेशीवरच्या एका रिसेप्टरवर (रसायन जिथे चिकटते त्या जागेवर) वेदना दाबते, दुसऱ्यावर वाढवते. त्यामुळे फक्त सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्यांचा नसांच्या दुखण्यात फारसा उपयोग होत नाही. वरच्या दोन्ही गोळ्या ही दोन्ही रसायने पुन्हा शोषली जाऊ देत नाहीत, ती तिथे जास्त वेळ टिकतात. याच दुखण्यावर देतात त्या प्रेगाबॅलिन या गोळीची वाट निराळी. ती नसेच्या टोकात कॅल्शियम शिरणे कमी करते, म्हणून ग्लुटामेटच कमी सुटते.

दुखण्यासाठी अ‍ॅमिट्रिप्टिलिन बहुधा १० मिलिग्रॅमपासून सुरू करतात, डिप्रेशनला त्याहून बरीच जास्त लागते. गुण यायला काही आठवडे जातात. पण तोवर धीर धरायला गोळी पोटात जायला तर हवी!

डॉक्टरांना विनंती एवढीच की चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे ‘नसांच्या दुखण्यासाठी’ असे मराठीत लिहावे. ओपीडीतली गर्दी मलाही दिसते, पण एवढ्याने रांग लांबणार नाही. उन्हाळ्यात आणखी एक ओळ लिहावी. अ‍ॅमिट्रिप्टिलिनने घाम कमी येऊ शकतो आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. म्हाताऱ्या पेशंटने दुपारी बाहेर पडू नये, हे त्याला आमच्या काउंटरवर नव्हे, दवाखान्यातच कळायला हवे.

– एक औषधविक्रेता, सक्करदरा, नागपूर